आखाडा उघडला एकदाचा

लॉर्ड, म्हणजे लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन, माझ्या बोर्डावर, म्हणजे बीबीएसवर (दुरून जोडून घेऊन निरोप लिहायचे आणि गेम खेळायचे, असा जुन्या धर्तीचा अड्डा), आठ महिने बिनबोभाट चालू आहे. सेथ रॉबिन्सनने 1989 साली लिहिलेल्या या गेमला नावं ठेवायची माझी टाप नाही. पण त्यात खरी मारामारी जंगलातल्या राक्षसांशी. दुसऱ्या खेळाडूला मारायचं तर तो शेतात झोपलेला असताना गाठायचा, आणि त्याने खानावळीत खोली घेतली असेल तर आधी बारवाल्याचा हात ओला करायचा. माझ्या नेहमीच्या मंडळींना समोरासमोर भिडायचं होतं. म्हणून जुन्या फायलींच्या ढिगातून एक आखाड्याचा डोअर गेम काढला: शस्त्र घ्या, चिलखत घ्या, डाव ठरवा, दुसऱ्याला आव्हान द्या. गेमचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे त्याच्या बऱ्याच तक्रारी येणार आहेत आणि लिहिणाऱ्याने तो फुकट वाटला होता.

सेटअप लॉर्डचाच: जुना लॅपटॉप, लिनक्स, त्यावर सिंक्रोनेट हा बीबीएसचा प्रोग्रॅम, आणि डॉसच्या (पीसीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) गेमसाठी डॉसएमू2 हा इम्युलेटर. लिनक्सवर काय किंवा 64 बिटी विंडोजवर काय, 16 बिटी डॉस प्रोग्रॅम थेट चालतच नाहीत, त्यामुळे कुठला तरी इम्युलेटर मधे घालावाच लागतो.

पहिला शनिवार

ज्यांनी कधी डोअर बसवलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डोअर म्हणजे बीबीएसच्या बाहेरचा स्वतंत्र प्रोग्रॅम. बीबीएस कॉलरला थोडा वेळ त्याच्या हवाली करतो आणि खेळ संपला की परत घेतो. कॉलर कोण, किती मिनिटं शिल्लक, रंग दाखवायचे की नाही, हे सगळं एका छोट्या टेक्स्ट फायलीत लिहून दिलं जातं. तिला ड्रॉपफाइल म्हणतात. आपल्या गेमला डोर.सिस हवी होती. पहिल्या ओळीत कॉम पोर्ट (मोडेमचा सिरियल पोर्ट), दुसरीत मोडेमचा वेग, चौथीत नोड क्रमांक (बोर्डाची कितवी लाइन), दहावीत नाव, एकोणिसावीत उरलेली मिनिटं. अशा 52 ओळी. चौदावी ओळ पासवर्डची, आणि तोही उघडा. त्या काळी फाइल सिसॉपच्या (बोर्ड चालवणाऱ्याच्या) घरातल्या डिस्कवरच राहायची, कोण बघणार होतं! आज ती ओळ न भरलेलीच बरी.

खरं सांगायचं तर डोअर बसवणं म्हणजे गेमला एकामागून एक थापा मारणं. मोडेम जोडलेला आहे (नाही). कॉलर 38400 वेगाने फोनवरून आलाय (टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून आलाय). सिरियल पोर्टशी बोलायला फॉसिल ड्रायव्हर हजर आहे. फॉसिल हे नाव फिडो, ओपस आणि सीडॉग या तीन प्रोग्रॅमवरून पडलेलं. इंटरप्ट 14एच या ठरलेल्या हाकेवर गेम विचारतो, ड्रायव्हर उत्तर देतो, आणि पलीकडे तांब्याची तार आहे की नेटवर्क, याचा गेमला पत्ता लागत नाही. सिंक्रोनेटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ही थाप एका ओळीत मारून होते.

फोल्डरचं नाव मात्र मी नऊ अक्षरी ठेवलं होतं. डॉसला आठच चालतात. यात अर्धा तास गेला, पुढे जाऊ.

दुसरा शनिवार

गेम सुरू होतो, पडदा पुसला जातो, आणि: रनटाइम एरर 200, शून्याने भागाकार. दर वेळी. लोकल मोडमध्येही (बीबीएसशिवाय, थेट मशीनवर) तेच, म्हणजे ड्रॉपफाइल आणि फॉसिल दोन्ही निर्दोष.

इथे माझं घोडं दोन दिवस अडलं, म्हणून कारण सविस्तर लिहितो. त्या काळच्या पास्कल या भाषेत लिहिलेले असंख्य डोअर गेम पडद्याच्या कामासाठी सीआरटी नावाचं एक युनिट (तयार कोडचा तुकडा) वापरतात. अमुक मिलिसेकंद थांब, ही आज्ञा त्यातलीच. मशीन किती वेगवान आहे हे कळल्याशिवाय थांबायचं किती हे ठरत नाही. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताच ते युनिट एक रिकामा लूप फिरवतं आणि घड्याळाच्या एका ठोक्यात किती फेऱ्या झाल्या ते मोजतं. पीसीचं जुनं घड्याळ सेकंदाला सुमारे 18.2 ठोके देतं, म्हणजे एक ठोका जवळपास 55 मिलिसेकंदांचा. फेऱ्यांना 55 ने भागलं की एका मिलिसेकंदाचा हिशेब मिळतो. हे उत्तर 16 बिटांत मावलं पाहिजे, म्हणजे जास्तीत जास्त 65,535. 65,535 गुणिले 55 म्हणजे 36,04,425. एका ठोक्यात यापेक्षा 55 फेऱ्या जरी जास्त झाल्या की उत्तर मावत नाही. भागाकार मावला नाही तरी प्रोसेसर तोच इंटरप्ट देतो जो शून्याने भागल्यावर देतो, आणि गेम बिचारा शून्याच्या नावाने बोटं मोडत मरतो. भागणारा आकडा शेवटपर्यंत 55 च असतो!

म्हणजे आणखी एक थाप कमी पडली होती: प्रोसेसर मंद आहे. उपाय दोन. इम्युलेटरला खरोखर मंद करायचं, किंवा गेमच्या फायलीत तो भागाकार दुरुस्त करायचा. मंद केलं तर गेम सुरू झाला, पण मोठी एएनएसआय चित्रं (रंगीत अक्षरांनी काढलेली) रांगत यायला लागली. शेवटी मूळ फायलीची प्रत बाजूला ठेवून पॅच मारला. पहिल्या फटक्यात चालला. मध्यरात्री एकटाच हसत बसलो होतो, घरच्यांनी विचारलं काय झालं. काय सांगणार?

नंतरच्या पायऱ्या तपासायला ‘टेस्ट’ नावाचा एक पहिलवान तयार केला आणि एडिटरमधून त्याला सगळ्यात भारी तलवार आणि वाट्टेल तेवढी ताकद देऊन ठेवली. हे लक्षात ठेवा.

तिसरा आठवडा, रोज थोडं थोडं

दोघे एकाच वेळी गेममध्ये गेले तर काय होतं, हे मी बघितलंच नाही. गेमबरोबरच्या माहितीत लिहिलंय की अनेक नोडवर चालवायचा तर शेअर हवंच, म्हणजे फाइल कुलूपबंद करण्याची डॉसची सोय. तिची नक्कल किती पक्की आहे यावर खेळाडूंच्या फायली पणाला लावायची माझी तयारी नाही. सिंक्रोनेटमध्ये एका वेळी एकच जण, असं ठरवून मोकळा झालो. दुसऱ्याला ‘गेम चालू आहे, थोड्या वेळाने या’ असं दिसतं. माझ्या बोर्डावर गर्दी म्हणजे तीन माणसं, चालतंय.

एका खेळाडूची तक्रार अशी की त्याचा पहिलवान एका आज्ञेत दोनदा वार करतो. तक्रार म्हणे! तपासलं तर तो साध्या टेलनेट प्रोग्रॅममधून येत होता. त्याच्या एंटरमागोमाग आणखी एक बाइट येत होता आणि गेम त्यालाही कळ समजत होता. लढाईत नुसतं एंटर म्हणजे हल्ला, म्हणून दुप्पट वार. त्याच प्रोग्रॅममध्ये आखाड्याच्या भिंतींच्या जागी प्रश्नचिन्हं उमटत होती, कारण गेमची चित्रं कोड पेज 437 या डॉसच्या जुन्या अक्षरसंचात आहेत आणि त्याचा पडदा आजच्या यूटीएफ-8 चा. 219 क्रमांकाचा भरीव चौकोन, 220 आणि 223 चे अर्धे, 176 ते 178 च्या तीन छटा, यांवरच सगळी चित्रकला उभी असते. त्याला सिंकटर्म हा खास बीबीएससाठीचा प्रोग्रॅम घ्यायला लावलं, दोन्ही दुखणी गेली. जिंकलेल्या लढाया मात्र त्याने परत केल्या नाहीत.

एका गोष्टीत थाप चालत नाही, ती म्हणजे दिवस. सगळा गेम रोजच्या कोट्यावर चालतो: रोज पाच आव्हानं, मग उद्या या. दिवस बदलल्यावर जो पहिला आत येतो त्याच्या वेळी गेम हिशेब करतो, जखमा भरतो, कोटा नवा देतो. लॅपटॉपचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं. मंडळी मध्यरात्र उलटताच कोटा मिळेल म्हणून टपून बसलेली, आणि गेम म्हणतो अजून कालच आहे. वेळक्षेत्र नीट लावलं, शिवाय हिशेबाचा प्रोग्रॅम सिंक्रोनेटच्या टाइम्ड इव्हेंटमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) टाकला, म्हणजे पहिल्या येणाऱ्याला खोळंबून राहायला नको.

पाच आव्हानं आधी कमी वाटली, दहा केली. दोन दिवसांत नवे खेळाडू जुन्यांच्या हातून इतका मार खाऊ लागले की परत पाच केली.

आजची स्थिती

गेम रोज रात्री विजेत्यांची यादी एएनएसआय फायलीत लिहितो, ती मी लॉगिननंतर दाखवायला लावली. काल पहिल्यांदा दिसली. सगळ्यात वर, एकही लढाई न हरलेला: टेस्ट. काढायचा राहूनच गेला होता. मंडळींनी त्याला आव्हान देऊन देऊन आपले कोटे संपवले होते.

आज सकाळी तो उडवायला बसलो तर सिसॉपसाठी तीन निरोप पडलेले. तिन्हींचा मथळा एकच: टेस्टला हात लावू नका, आधी आम्ही पाडतो. ठेवलाय.