स्मिथांच्या गर्दीतला एक सॅम्युएल

मंडळी, पावसाळाभर काय केलं ते सांगतो. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपडीत आमचं घराणं जिथे अडकलं, ते अजून तिथेच आहे. सराव तुटू नये म्हणून एक परकं घराणं हातात घेतलं: दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात यलम्बा वायनरी काढणारे स्मिथ. मूळपुरुष सॅम्युएल, डॉर्सेटमधल्या वेअरहॅमचा, धंद्याने बिअर गाळणारा. 1847 साली बायकोमुलांना घेऊन तिकडे गेला, 1849 मध्ये अँगास्टनजवळ 30 एकर घेऊन द्राक्षं लावली.

इंग्लंडात सॅम्युएल स्मिथ शोधायचा म्हणजे सदाशिव पेठेत जोशी शोधायचे! त्याचा जन्म 1812चा, म्हणून 1841च्या जनगणनेत मी दोन आठवडे 28-29 वर्षांचा स्मिथ धुंडाळत बसलो. चूक माझीच. त्या वर्षी पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची, असा हुकूम होता. म्हणजे आपला माणूस कागदावर 25चा. त्यात नातीही लिहिलेली नाहीत. एका घरातली नावं एकाखाली एक, कोण कुणाचं ते आपण ताडायचं. बायको मेरी, तिचा उपयोग शून्य; मेरी स्मिथ पैशाला पासरी. 1837 साली जन्मलेला मुलगा सिडनी मात्र कामाचा. मुलांची वयं नीट लिहिलेली असतात आणि हे नाव तेव्हा तसं विरळा. बापाला सोडून पोराला धरलं.

ऑस्ट्रेलियात पोचल्यावर नावाचा नाद सोडून जमिनीच्या मागे लागलोय. सॅम्युएल दिवसा अँगस कुटुंबाच्या बागेत राबायचा आणि रात्री चांदण्यात स्वतःच्या वेली लावायचा, असं सांगतात. चांदण्याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते, तेव्हा ते बाजूला ठेवू. 1852 साली तो व्हिक्टोरियात सोनं शोधायला गेला, 300 पौंड घेऊन परतला आणि आणखी 80 एकर घेतली. तिकडची टॉरेन्स पद्धत, म्हणजे मालकीचं एकच सरकारी प्रमाणपत्र, 1858ची. हे दोन्ही व्यवहार त्याआधीचे, त्यामुळे जुन्या खरेदीखतांच्या नोंदी एकेक करून उलगडायच्या आहेत.

पुढच्या पिढ्या हिल-स्मिथ असं जोडआडनाव लावतात. शोधात टाकलं की पहिल्याच पानावर सगळे हजर. तिथपर्यंत पोचायची मला मुळीच घाई नाही.