फुकटचा उतार

पेट्रोल पंपावर हल्ली मी फक्त हवा भरायला जाते. हवा फुकट असते, तशी पाटीच लावलेली असते, तरी काही न घेता नुसती हवा मागायला जीभ जड होते. पूर्वी पेट्रोल भरलं की "दादा, जरा चारही चाकं बघा" हे हक्काने म्हणता यायचं. आता माझी हिरव्या नंबर प्लेटची, विजेवरची गाडी आत शिरली की नोझल हातात घेऊन उभा असलेला पोरगा सरळ मागच्या स्कूटरकडे बघतो. "मॅडम, झीरो बघा" असं आता आपल्याला कोणी म्हणणार नाही, हे अजून अंगवळणी पडायचंय. इतकी वर्षं तो झीरो बघितल्यासारखं करून मी पर्समध्ये कार्ड शोधत असायचे, ती गोष्ट वेगळी.

परवा दुपारी हवा भरणारे काका मात्र गप्पिष्ट निघाले. गाडीला दोनदा चक्कर मारून, सायलेन्सर खरंच नाही याची वाकून खात्री करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, ही उतारावर आपोआप चार्ज होते म्हणतात, खरं का?"

"होते थोडीशी."

"मग घाटातच राहायला जा की."

एवढं बोलून ते मागच्या चाकाकडे गेले. मला त्यांना सांगायचं होतं की काका, आम्ही घाटातच राहायचो. पण मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

आम्ही कोयनानगरला राहायचो. बाबा कोयना प्रकल्पावर ओव्हरसिअर होते, आणि आमचं बालपण त्या कॉलनीत पावसाने भिजत गेलं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. शाळेचा गणवेश शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवायचा, त्यामुळे वर्गात सगळ्या पोरांना धुराचा वास. आणि दुसरं म्हणजे भूकंप. १९६७ च्या डिसेंबरातला तो मोठा धक्का आमच्या जन्माआधीचा, पण लहानसहान हादरे येतच राहायचे. रात्री फडताळातली भांडी खुळखुळली की आई एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने भावाला बखोटीला धरून अंगणात उभी. बाबा मागून सावकाश, लुंगी नीट करत, "तीनच्या वर नसेल" असं म्हणत यायचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आकडा घेऊन आले की बहुतेक त्यांचंच खरं निघायचं.

मुंबईच्या काकांनी नवी मारुती घेतली तेव्हा त्यांची जुनी फियाट आमच्याकडे आली. स्टिअरिंगला गिअर, डॅशबोर्डखाली ओढायचा चोक, आणि दार लावताना होणारा तो भरभक्कम आवाज. बाबांना गाडी मिळाली आणि त्याच दिवशी पेट्रोलची काळजीही मिळाली. टाकी फुल्ल करणं म्हणजे त्यांच्या लेखी उधळपट्टी. "वीसचं टाका," असं ते पंपावर इतक्या गंभीरपणे सांगायचे की जणू त्याच्यावर एक थेंब घेणं बेकायदा आहे. स्कूटर होती तेव्हाही, ती बंद पडली की आधी आडवी करून, मग कार्ब्युरेटरला जे काही मिळेल त्यावर पंपापर्यंत जायचं हा त्यांचा शिरस्ता. आपल्यातल्या पुष्कळांच्या वडिलांचा असेल.

आईचं माहेर गुहागरकडचं. त्यामुळे मे महिना आला की कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे. पुढच्या सीटवर आजोबा, मागे मधोमध आई आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं. घाटमाथा आला की बाबा गाडी हळू करायचे, गिअर काढायचे आणि इंजिन बंद करायचे. दर वेळी एक वाक्य ठरलेलं: "या गाडीच्या ब्रेकला इंजिन लागत नाही, पाय लागतो." हे ऐकून आईला धीर येतो अशी त्यांची समजूत होती.

मग ती शांतता. तेवढा वेळ घरघरणारी फियाट एकदम मुकी व्हायची आणि टायरखालची खडी, दरीतून वर येणारा वारा, कुठे तरी माकडांची भांडणं, सगळं ऐकू यायला लागायचं. आजोबा वळणावळणाला "हां… हां… " करायचे. आई पुटपुटत रामरक्षा म्हणायची. एरवी इंजिनाच्या आवाजात ती ऐकू येत नसे, उतारावर शब्द न् शब्द स्पष्ट. मला आणि भावाला ते सगळं फार आवडायचं. आम्ही खिडकीबाहेर हात काढून पंख करायचो. अर्ध्यावर ब्रेकच्या लायनरचा करपट वास यायला लागला की बाबा एका झऱ्यापाशी गाडी थांबवून चाकांवर पाणी मारायचे, आणि परत तसेच सुटायचे. घाटाच्या पायथ्याला पोफळी, तिच्या अलीकडे रस्ता सपाट व्हायला लागला की सेकंड गिअर टाकून क्लच सोडायचा, एक गचका, आणि फियाट पुन्हा बोलायला लागायची. संध्याकाळी डायरीत नोंद: "घाट – पेट्रोल शून्य."

यामागे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. खाली येणाऱ्या वस्तूवर पैसे खर्च करायचे नाहीत, उलट तिच्याकडून वसूल करायचे. त्यांची सगळी नोकरीच त्यावर उभी होती म्हणा. कोयना खरं तर पूर्वेला वाहणारी नदी, कराडला कृष्णेला मिळणारी. तिला धरणात अडवून, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेऊन पोफळीला खाली सोडायची, हे मोठ्यांना मोठं धाडस वाटत असेल. बाबांना तो निव्वळ शहाणपणा वाटायचा. इतका उंच कडा देवाने दिलाय तर पाणी नुसतं वाहू द्यायचं? पाण्याला पाचशे मीटरच्या आसपास उतार मिळतो. १९६२ साली पहिली वीज निघाली, पुढे एकेक टप्पा वाढत १९६० मेगावॉटपर्यंत गेला. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट, पाणी पश्चिमेला न्यायची कृष्णा पाणीतंटा लवादाची परवानगी आहे, हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता. १९९९ च्या मार्चमध्ये धरण न रिकामं करता जलाशयाच्या तळाशी सुरुंग लावून बोगद्याला तोंड पाडलं, ते लेक टॅपिंग, त्या दिवशी बाबा घरी येऊन पुरणपोळी मागून जेवले होते. सण नव्हता काही.

मला सांगायचं होतं गाडीबद्दल. माझी पेट्रोलची हॅचबॅक म्हातारी झाली, मेकॅनिकने "ताई, आता हिच्यावर खर्च नका करू" असं हळव्या आवाजात सांगितलं, आणि मी विजेची घेतली. सोसायटीच्या मीटिंगचं पुराण इथे लावत नाही. पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचं एक पॉइंट घ्यायला किती सह्या लागतात हे ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी घेतलेलं नाही त्यांचा उत्साह मला घालवायचा नाही. कोणी तरी "लिफ्ट बंद पडेल" असंही म्हणालं. लिफ्ट आधीपासूनच बंद होती.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. गाडी घरी आणली, आईने कुंकू लावून नारळ फोडला, आणि बाबांनी तो सनातन प्रश्न विचारला: "किती देते?"

लिटरला इतके असं उत्तर असतं तर विषय संपला असता. मी म्हटलं, युनिटला सहा-सात किलोमीटर. झालं. त्यांनी चष्मा लावला, विजेचं बिल मागवलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. पंधरा मिनिटांनी निकाल: गाडी स्वस्त आहे, पण ती चार्ज केल्यामुळे आमचा एसी वरच्या स्लॅबमध्ये जातो, म्हणून तिच्यासाठी वेगळं मीटर घ्यावं किंवा एसी बंद ठेवावा. एसी बंद ठेवणं त्यांना जास्त सोयीचं वाटत होतं. "आणि वीज चंद्रपूरची," ते म्हणाले, "कोळशाची. धूर तिकडे, हिरवी पाटी इकडे." हे मी त्यांना सांगायच्या तयारीतच होते, पण त्यांनी आधीच उरकून टाकलं.

खरा रस त्यांना वाटला तो ब्रेकमध्ये. पाय उचलला की मोटरच उलटी जनित्र होते, चाकं तिला फिरवतात, आणि गाडी हळू होता होता बॅटरीत वीज परत जाते, हे मी सांगितलं तर म्हणाले, "यात नवीन काय? बोरघाटात ब्रिटिशांच्या काळातली मालगाडीची इंजिनं उतरताना तारेत वीज परत सोडायची. खेकडा म्हणायचे त्यांना." आणि मग, जरा थांबून, "कुंभार्लीला किती येईल?"

या मे महिन्यात निघालो. मी चालवतेय, शेजारी बाबा, मागे आई आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिशव्या. महामार्गावरच्या एका चार्जरवर दोन तास आधी मिसळ आणि मग उगाचच ताक घेत काढले, कारण एक मशीन बंद होतं आणि दुसऱ्यासमोर कोणाची तरी डिझेलची मोठी गाडी सावली बघून लावलेली. मी पूर्ण भरून घेणार होते, पण बाबांनी ऐंशीला थांबवलं. बॅटरी काठोकाठ असली की उतारावरची वीज आत घ्यायला जागाच राहत नाही, हे त्यांनी कुठून तरी वाचून ठेवलं होतं. जिलबी यायची आहे हे माहीत असताना भातावर हात आखडता घ्यावा, तसा त्यांचा सगळा बेत. पाटणपुढचा चढ बॅटरी बरीच खाणार आणि जागा आपसूक होणार, असं मी सांगून पाहिलं. "तरी असू दे," ते म्हणाले.

घाटमाथ्यावर त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली, पडद्यावरचा आकडा बघितला आणि तळहातावर पेनाने लिहिला. "हं, सोड."

सोडली. ब्रेकला पाय लावावाच लागत नव्हता. पडद्यावरची हिरवी पट्टी वळणावळणाला फुगत होती, बाबा तिच्याकडे नातवाकडे बघावं तसे बघत होते. इंजिनाचा आवाज नाही, टायरखाली खडी, खालून वारा. पोफळीला त्यांनी पुन्हा आकडा घेतला. तीन टक्के वाढले होते.

मग हिशेब. माणसांसकट गाडी सोळाशे किलोच्या आसपास, उतार पाचशे मीटर, म्हणजे कागदावर सव्वादोन युनिट. त्यातलं टायरने, वाऱ्याने आणि मोटरने खाल्लेलं सोडून पदरात पडलं एखादं युनिट. किंमत दहा-बारा रुपये. मला जरा हसू आलं, पण ते वेगळ्याच तंद्रीत होते. "हजार लिटर पाणी पोफळीला पडलं की एवढीच वीज निघते," ते म्हणाले. "एक टाकी. गच्चीवरची असते ना, ती." म्हणजे आम्ही तिघं, दोन बॅगा आणि आंब्यांसाठी आणलेल्या रिकाम्या पेट्या मिळून, एका टाकीएवढे. परत चढताना यातलं तिप्पट-चौपट जाणार हे मी बोलले नाही. त्यांनाही माहीत होतंच. त्यांच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा उताराने त्यांना नुसता खर्च वाचवून न देता रोख काही तरी हातात ठेवलं होतं.

"बघ," मागे वळून ते आईला म्हणाले, "तेव्हाही मी हेच सांगायचो. उतार फुकट घालवायचा नाही. तुला नाही पटायचं."

आईने पिशवीवरचा हात काढला नाही. "मला पटण्या न पटण्याचं कुठे होतं," ती म्हणाली. "मी दर वळणाला हेच ठरवत असायचे की ब्रेक लागले नाहीत तर कोणाला आधी ढकलायचं. घरात हादरा बसला तर दोन पोरांना दोन हात पुरायचे. गाडीत दार उघडायला तिसरा लागतो."

एवढ्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. मी आरशात बघितलं, ती बाहेर बघत होती. आम्ही त्या वेळी पंख करत होतो, खिडकीबाहेर.

बाबांनी तळहातावरचा आकडा अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. "ब्रेक चांगले होते त्या गाडीचे," ते म्हणाले.

"असतील," आई म्हणाली. "चिपळूणला आधी मासळीबाजारात घे गं, उशीर झाला तर नुसती बांगड्यांची डोकी मिळतील."