दोन गाण्यांमधली शांतता

गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायला तीन-चार सेकंद होते, आणि तेवढ्यात संगणकाला जोडलेल्या स्पीकरमधून ती चिरचिर ऐकू आली. माऊस हलवला की तिचा सूर बदलतो, पान सरकवलं की चढतो, हात थांबला की पुन्हा मूळ जागी. कधीपासून आहे ही? संध्याकाळपासून डोक्यात एवढंच. जिला शांतता समजून ऐकलं ती शांतता नव्हतीच, याचं वाईट वाटतंय.

आधी आवाजाची जात ओळखावी. वीज ५० हर्ट्झची असेल तर अर्थिंगच्या फेऱ्यातली (दोन उपकरणं अर्थिंग आणि केबल अशा दोन वाटांनी जोडली गेली की होतो तो फेरा) घुमघुम ५० वर आणि तिच्या पटींत, १००-१५० वर असते. खर्जातली, एकसुरी, संगणक काय करतोय याच्याशी तिला देणंघेणं नाही. यूएसबीची शिट्टी निराळी. फुल-स्पीड यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे डेटाचा एक हप्ता, जाते, म्हणून १ किलोहर्ट्झ. हाय-स्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदांनी, म्हणून ८ किलोहर्ट्झ. आणि माऊसबरोबर नाचणारी चिरचिर म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप क्षणाक्षणाला कमी-जास्त करंट ओढतात, त्याचा आवाज. ही तीच.

सिग्नलची केबल स्पीकरमधून काढली. उरली फक्त ट्वीटरची (उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची) हलकी सळसळ, म्हणजे स्पीकर निर्दोष. (केबल स्पीकरला लावून दुसरं टोक लोंबकळत ठेवलं तर ते अँटेनाचं काम करतं आणि नसलेला दोष दाखवतं. तसं तपासू नये.) परत जोडली, संगणकाचा व्हॉल्यूम शून्यावर आणला. चिरचिर तसूभरही कमी नाही. म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरते. अर्थिंगच्या फेऱ्यातून हीसुद्धा शिरू शकते, म्हणून चार्जर काढला, लॅपटॉप बॅटरीवर, तरीही आहेच. इथे अर्थिंगवरचा संशय सोडून द्यावासा वाटतो आणि तिथेच फसायला होतं. मॉनिटरची एचडीएमआय केबल उपसली आणि एकदम गप्प.

मॉनिटरचा तीन पिनांचा प्लग, एचडीएमआयची शील्ड (तारांवरचं धातूचं वेष्टन), लॅपटॉप, यूएसबीवरचा डॅक (संगणकातल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी), डॅकपासून स्पीकरपर्यंतच्या आरसीए केबलची शील्ड, स्पीकरचा तीन पिनांचा प्लग, भिंतीतली अर्थिंगची तार. फेरा पुरा. आरसीए केबलमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट असते. तिच्यातून संगणकाचा करंट वाहिला की तिच्या दोन टोकांत जो बारीकसा व्होल्टेज पडतो, तो सिग्नलमध्येच मिसळतो. स्पीकरला दोन्ही सारखेच.

म्हणजे मॉनिटर आला त्या दिवसापासून. त्यानंतर रात्री-अपरात्री जे जे ऐकलं, त्यातल्या प्रत्येक मंद जागेखाली ही होती. तो तानपुरा विरत जातो ती जागासुद्धा. असो.

अर्थिंगची पिन काढून टाकली किंवा तिच्यावर टेप गुंडाळली तर आवाज जातो, हे खरं. पण ते कधीही करू नये. आत फेज बॉडीला टेकली तर करंटला जायला ती एकच सुरक्षित वाट असते. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणलं तर फेरा लहान होतो. इथे आवाज निम्म्यावर आला, गेला नाही. केबलवर चिमटायचे फेराइट (चुंबकी पदार्थाची कडी) इथे निरुपयोगी: ते मेगाहर्ट्झमधल्या गोंधळाला अडवतात, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात नाही. डॅकच्या आधी यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देऊन विजेचा जोड तोडणारा) लावता येतो, पण साधे आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटवर थांबतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं स्टिरिओ संगीत साडेचार मेगाबिटच्या आसपास, ते निघतं. ज्या डॅकला हाय-स्पीडच लागतं तो मात्र नीट चालत नाही. आरसीएवर १:१ ट्रान्सफॉर्मरही (तारांचा थेट जोड न ठेवता सिग्नल जसाच्या तसा पलीकडे देणारा) चालतो, फक्त लहान गाभ्याचा घेतला तर खर्ज बारीक होतो आणि तेवढ्यासाठी ही खटपट करण्यात अर्थ नाही. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल, सगळ्यांत स्वच्छ, काचेतून किंवा प्लास्टिकमधून करंट जातच नाही. पण त्यासाठी दोन्हीकडे तशी सोय हवी.

स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट आहे, म्हणून केबलच बदलली. दोन तारा आणि वर शील्ड, अशी माइकची केबल. आरसीएची मधली पिन टीआरएसच्या (टोक, रिंग आणि स्लीव्ह अशा तीन जोडण्यांच्या प्लगच्या) टोकाला, आरसीएचं बाहेरचं कडं दुसऱ्या तारेने मधल्या रिंगला, आणि शील्ड फक्त स्पीकरच्या बाजूला स्लीव्हला. आरसीएच्या बाजूला कापून मोकळी, वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). आता फेऱ्याचा करंट शील्डमधून जाऊ शकत नाही, आणि बॅलन्स्ड इनपुट फक्त दोन तारांमधला फरक मोजतो, दोन्हींवर सारखं आलेलं वजा होतं. सोल्डरचे डाग देऊन झाल्यावर मल्टिमीटरने पाहिलं: आरसीएच्या कड्यापासून स्लीव्हपर्यंत बीप नाही. नसायलाच हवी.

एचडीएमआय परत लावली. माऊस हलतोय, पान सरकतंय, स्पीकरमध्ये काही नाही. लॅपटॉपला कान लावला तर आतल्या कॉइल किंचित किणकिणतात. ती हवेतून येते, तिला कुठलीच केबल पुरणार नाही. आणि ट्वीटरची सळसळ हातभर अंतरावरून ऐकू येते. ती स्पीकरची स्वतःची आहे. ती राहू दे.

ते तानपुऱ्याचं पुन्हा लावलंय.