कानबाईच्या रविवारी जोडलेली गोधडी

मी अमळनेरला घरूनच गोधड्या शिवून देते. मागच्या श्रावणात ऐन कानबाईच्या रविवारी, म्हणजे आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते त्या दिवशी, एक ताई आल्या, लेक माहेरी आलेली, सोमवारी विसर्जन झालं की संध्याकाळच्या गाडीने बाळाला घेऊन सुरतला निघणार, आणि बाळाला आजीच्या नऊवारीची गोधडी पाहिजेच. ३६ बाय ४५ इंच. मी हो म्हणून बसले आणि मग बघितलं तर आत भरायची अख्खी कॉटन शीट घरात नाही, आणि त्या दिवशी कोण दुकान उघडणार, घरोघरी नैवेद्याच्या रोटांची गडबड.

माळ्यावर अशा शीटच्या उरलेल्या तुकड्यांची गोणी होती, ती ओतली. पण त्यात कॉटन आणि पॉलिस्टर दोन्ही एकत्र. आधी एकदा मी असंच मिसळून भरलेलं, पहिल्याच धुण्यात कॉटन आटलं, पॉलिस्टर होतं तसंच राहिलं आणि गोधडी एका बाजूने चुरगळून वर आली, ते गिऱ्हाईक परत आलंच नाही, मला अजून वाईट वाटतं. म्हणून यावेळी ज्याची शंका आली त्याचा धागा काढून काडी लावून बघितला. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख म्हणजे कॉटन, वितळून कडक गोळी झाली की बाजूला. जाडीसुद्धा बोटांत धरून जुळवली. तासभर यातच गेला पण हे काम टाळायचंच नाही.

मग जोडणी. घाईत मी एकावर एक ठेवून टाके घालायला लागले तर माय रोट लाटता लाटता ओरडली, "एकवर एक नको ठेवू वं, कडले कड लाव!" बरोबरच होतं तिचं, चढवलं की तिथे वळ येतो आणि बाळाच्या पाठीखाली तो टोचणार. कडा कात्रीने सरळ करून भिडवल्या, सैल हाताने मच्छीटाका (दोन्ही कडांवर आलटून पालटून तिरपा, फुलीसारखा टाका) घातला, दोरा ओढला की चुणी पडते. अकरा तुकडे लागले. शेवटी खिडकीसमोर धरलं तर एका जोडातून उजेड आला, तो उसवून पुन्हा शिवला. वरचे धावदोरे मुद्दाम दोन-दोन बोटांवर घातले, जवळजवळ टाके असले की आतले जोड धुण्यात सरकत नाहीत.

सोमवारी दुपारी ताई आल्या तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की आत जोड आहेत, सगळं कॉटनच आहे, नको असेल तर पैसे देऊ नका. त्यांनी गोधडी मांडीवर पसरून तळहात फिरवला, इकडून तिकडे, परत एकदा, आणि म्हणाल्या, कुठेय जोड? मी दाखवायला गेले तर मलाही पटकन सापडेना.

आता माळ्यावर दोन गोण्या आहेत, कॉटनच्या गोणीला लाल चिंधी बांधलीय.