जेलमधलं हिरवं कडं

जेलच्या छोट्या गोल खांबाच्या कडेने झगझगीत हिरवं कडं (आत शिरलेल्या प्रोटीनला लावलेला रंग) आणि मधे काळंकुट्ट. कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली कुठलीही स्लाइड ठेवा, हेच दिसायचं. आणि लॅब मीटिंगमधे दरवेळी तेच निदान, जेलची छिद्रं लहान आहेत, प्रोटीन आत जातच नाही, पोरोजेन (छिद्रं मोठी करणारा पदार्थ) वाढवा.

आधी थोडं सांगते म्हणजे पुढचं कळेल. एखादं प्रोटीन सँपलमधे आहे का बघायचं तर ते पकडणारी अँटीबॉडी कुठेतरी बांधून ठेवावी लागते. थेट काचेवर चिकटवली तर एकच थर बसतो, त्यातल्या बऱ्याच उलट्यासुलट्या चिकटतात, काही सुकून कामातून जातात. म्हणून हायड्रोजेल. ते बहुतेक पाणीच असतं, प्रोटीनला आत बरं वाटतं आणि पूर्ण जाडीभर जागा मिळते. आम्ही पेग डायअॅक्रिलेट (प्रकाश पडला की घट्ट होणारं पॉलिमर) वापरतो, दोन काचांच्या मधे द्रावण भरायचं, वरून मास्क ठेवून ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा की ४०० मायक्रॉन व्यासाचे गोल खांब तयार, वर खाली दोन्हीकडे काचेला घट्ट चिकटलेले, म्हणजे सँपलला आत शिरायला फक्त बाजूचीच वाट. अँटीबॉडीतल्या लायसिन या अमिनो आम्लावर आधीच अॅक्रिलेट जोडलेलं असतं त्यामुळे जेल बनतानाच ती जाळीत विणली जाते (हे जोडताना ट्रिस बफर अजिबात नको, त्यात लायसिनसारखंच स्वतःचं अमाइन असतं, सगळा रिएजंट तेच खाऊन टाकतं).

आता नुसत्या पेग ७०० च्या (आमच्या पेग डायअॅक्रिलेटच्या) जाळीची घरं जेमतेम एकदोन नॅनोमीटरची, आणि अँटीबॉडीच दहाएक नॅनोमीटरची, तेव्हा छिद्रं मोठी करावीच लागतात हे खरंय. त्यासाठी द्रावणात साधं, रिअॅक्ट न होणारं पेग घालतात, जेल झाल्यावर ते धुवून निघून जातं आणि त्याची जागा मोकळी राहते, यालाच पोरोजेन म्हणायचं. पण ते वाढवत गेलं की जेल दुधाळ होतं, प्रकाश विखुरतो, खांब इतका लिबलिबीत होतो की वॉशमधे काच सोडून तरंगायला लागतो. त्यामुळे "पोरोजेन वाढवा" हे मीटिंगमधे बोलायला सोपं, करणाऱ्याला विचारा.

मला ते निदान पटत नव्हतं कारण फ्लोरेसिन हा हिरवा चमकणारा रंग लावलेला १५० किलोडाल्टन वजनाचा डेक्स्ट्रान (साखरेच्या साखळ्यांचा मोठा रेणू) आम्ही आत सोडून बघितला होता आणि तो थोड्या वेळात अगदी मधोमध पोचला होता. आमचं टार्गेट प्रोटीन चाळीसेक किलोडाल्टनचं. मोठा आत जातो आणि लहान अडकतो, कसं काय? आणि अँटीबॉडीला रंग लावून पाहिलं तर ती खांबभर एकसारखी पसरलेली. मग काळं का?

तर त्या दिवशी सकाळी काय झालं, आदल्या संध्याकाळी कॉन्फोकलचं बुकिंग दुसऱ्या ग्रुपने घेतलं म्हणून सँपल भरलेली एक स्लाइड ओल्या डब्यात रात्रभर टेबलावरच होती. ज्युनिअर म्हणाला मॅडम टाकून देऊ का, एका तासाचा प्रोटोकॉल आहे आपला. म्हटलं टाकायच्या आधी बघ तरी. त्याने लावली आणि म्हणाला, "मॅडम, हिचं कडं जाड आहे."

जाड म्हणजे किती, तर तासाभराच्या स्लाइडमधे पंचवीसेक मायक्रॉन आणि हिच्यात शंभरच्या आसपास. आणि आतली कड अस्पष्ट नाही, बऱ्यापैकी स्वच्छ, हिरवं संपलं की लगेच काळं. छिद्रं बंद असती तर कडं जागच्या जागी राहिलं असतं. हे सरकत होतं. सोळा तासांत चौपट, म्हणजे वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबात, आपोआप पसरत जाणाऱ्या गोष्टीचं असंच असतं.

मग तिथेच टिश्यू पेपरवर हिशोब केला. जेलमधे अँटीबॉडीच्या जागा साधारण १ मायक्रोमोलर (म्हणजे १००० नॅनोमोलर), सँपलमधे प्रोटीन १० नॅनोमोलर. म्हणजे जेलचा कुठलाही भाग भरायला त्याच्या शंभर पट सँपलमधलं प्रोटीन लागणार. बांधणारं कोणी नसतं तर जेलमधल्या वेगाने (सेकंदाला १० चौरस मायक्रॉन धरला) १०० मायक्रॉन जायला आठेक मिनिटं. बांधणारे असले की तेच शंभर पट, चौदा तास! दाराजवळच्या खुर्च्या रिकाम्या असताना हॉलमधे आत कोण जाऊन बसतं, तसलाच प्रकार. पुढच्या रांगा भरल्याशिवाय एक रेणू आत जात नव्हता.

पडताळायला त्याच दुपारी दोन गोष्टी केल्या. एक, अँटीबॉडीच न घातलेले खांब, त्यात टार्गेट सरळ मधोमध गेलं, फिकट पण एकसारखं हिरवं. दुसरी, अँटीबॉडी दहापट कमी करून तोच एक तास, तर कडं ऐंशी नव्वद मायक्रॉन, चमक बरीच कमी. पोरोजेनला हात न लावता. ज्युनिअर एवढा खूश की त्याने ती इमेज मोबाइलचा वॉलपेपर केली.

संध्याकाळी सरांना दाखवलं. ते रिटायरमेंटला आलेत, त्यांनी जन्मभर इम्युनोअॅसे (अँटीबॉडी वापरून करायच्या टेस्ट) केलेत. दोन मिनिटं स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अगं हे तर मॅन्चिनी!" मॅन्चिनी म्हणजे रेडियल इम्युनोडिफ्युजन, १९६५ चं, ज्यांनी पॅथॉलॉजी शिकताना केलंय त्यांना आठवेल, अॅगारमधे अँटीबॉडी मिसळून प्लेट बनवायची, मधल्या खड्ड्यात अँटीजेन (अँटीबॉडी जे पकडते ते) टाकायचं, ते पसरत जातं आणि पांढरं वर्तुळ उमटतं, शेवटी व्यासाचा वर्ग अँटीजेनच्या प्रमाणात येतो. पसरायला दोनतीन दिवस लागतात पण मशीन काही लागत नाही, एक पट्टी पुरते. आमचं तेच, फक्त उलट्या दिशेने, बाहेरून आत. इतके दिवस ज्याला आम्ही बिघाड म्हणत होतो त्यावर लोकांनी दवाखान्यात रिपोर्ट दिलेत, आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नाही, कारण प्रॅक्टिकलच्या वहीतली गोष्ट आणि रिसर्च हे दोन वेगळे कप्पे झालेत आपल्याकडे.

नंतर वेगवेगळ्या कॉन्सन्ट्रेशनची सँपल लावली आणि कड्याच्या जाडीचा वर्ग मांडला, सुरुवातीला चांगली सरळ रेष आली, कडं मध्याकडे पोचायला लागलं की ती वाकते कारण खांब गोल आहे, आत भरायला जागाच कमी उरते. सॉफ्टवेअर आतापर्यंत पूर्ण गोलाची सरासरी काढत होतं, म्हणजे काळा भागही हिशोबात, ते बदलून कडेपासून मध्यापर्यंतची रेघ मोजायला लावलं.

घाईच्या टेस्टसाठी मात्र खांबच बारीक केले, ५० मायक्रॉन व्यासाचे, ते तासाभरात पूर्ण भरतात. आता त्यांचा वेगळा ताप, इतक्या लहान आकारात द्रावणात विरघळलेला हवेतला ऑक्सिजन जेल जोडणारे रॅडिकल खाऊन टाकतो आणि खांबाची कड नीट घट्ट होत नाही, म्हणून द्रावणातून आधी नायट्रोजन सोडावा लागतो आणि तो सोडताना फेस आला की अँटीबॉडी बिघडते, तेव्हा बुडबुडे हळू, अगदी हळू.