नाणेघाट खालून चढा

पावसाळी रविवारी नाणेघाटाच्या माथ्यावर पाय ठेवायला जागा नसते. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट वर येते. रांजणाजवळ फोटो, कड्यावर उलटा धबधबा, की परत. खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात लोक शिरतात ते आडोशाला, आणि भिंतीला पाठ टेकून डबे उघडतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे.

डाव्या-उजव्या भिंती ब्राह्मी लिपीतल्या प्राकृताने भरल्या आहेत. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, त्यांची दक्षिणा: 1,700 गायी, 10 हत्ती, 24,400 काहापण (त्या काळची नाणी). अक्षरं झिजलेली आहेत. समोरून विजेरी मारली तर काहीच दिसत नाही. विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड पाडा, म्हणजे खाचांत सावली पडते. आधी आकडे शोधा. इथे शून्य नाही. शंभराच्या खुणेला चाराची खूण जोडली की 400. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता उरलेत ते पाय, आणि वर कोरलेली नावं: सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, एक महारठी (म्हणजे मोठा सरदार). माझ्या मते हे सगळं मुद्दाम वाटेवर कोरलं. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नर-पैठणला जाणारा माल इथूनच चढायचा. सत्ता कुणाची, हे प्रत्येक व्यापाऱ्याला दिसायला हवं होतं. रांजणात जकात टाकत, असं सांगतात.

म्हणून चढायचं ते कोकणातून. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने वैशाखऱ्याच्या पुढे उतरा. तीन तासांची चढण. वरच्या टप्प्यात दगडी फरसबंदी आणि पायऱ्या लागतात. इथे गाडा चढणं अशक्य. माल बैलाच्या पाठीवर, गोणीतूनच जाणार. पावसात याच फरशीवर शेवाळ धरतं आणि उतरताना पाय सटकतो, तेव्हा झिजल्या तळाचे बूट नकोत.

वाटेचं नशीब बंदरावर अवलंबून होतं. पहिल्या शतकातलं ग्रीक 'पेरिप्लस', म्हणजे समुद्री व्यापाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक, सांगतं, की कल्याणचा व्यापार रोखला गेला आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. पैठणचा माल तिकडे गाड्यांनी जायचा. म्हणजे घाट टाळूनच.

माथ्यावरून घरी न परतता जुन्नरला जा, शिवनेरीची लेणी पाहा. तिथे इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परदेशी माणसाने, पाण्याच्या टाक्या दान दिल्याचा लेख आहे: 'बे पोढियो'. बे म्हणजे दोन, 'बे एके बे' मधलाच.