आमची वाटचाल: शनिवार आणि तिथी

मालवण तालुक्यातल्या जत्रांना मांडव घालण्यापासून आमची सुरुवात झाली. बांबू, कनाती, कर्णे आणि एक जनरेटर. पुढे लग्नं मिळाली, रिसॉर्टवाले आले. आज सगळ्यात मोठं काम म्हणजे हिवाळ्यात ओळीने चार शनिवार-रविवार चालणारा किनारा महोत्सव.

सगळा बार दोन दिवसांत उडवायला आमचा विरोधच असतो. गर्दी एकदम येते, पाणी पुरत नाही, आणि सोमवारी घरगुती निवासवाल्यांच्या खोल्या पुन्हा रिकाम्या.

पण चार आठवडे म्हटलं की समुद्राशी गाठ. पर्यटक शनिवार बघून येतो, भरती तिथी बघून. इथले मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनव-अवसेला अकरा-बाराला. म्हणजे एका शनिवारी सूर्यास्ताला पाणी वर चढलेलं, आणि पुढच्याच शनिवारी त्या वेळी ओहोटी, समोर ही एवढी वाळू! त्या वाळूला भुलायचं नाही. मध्यरात्री उधाण येतं, त्याआधी केबल नि स्पीकर वर आलेच पाहिजेत. त्यामुळे रंगमंच दर आठवड्याला सरकतो. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्यांची जागा मात्र आम्ही कधी मागत नाही.

रात्रीचं गणित वेगळं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बारापर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि गणपती-नवरात्रानंतर त्यातलं उरतं किती? म्हणून दहानंतर तरुणांच्या कानांवर बिनतारी हेडफोन. शेकडो माणसं नाचतात आणि बाहेरच्याला ऐकू येते फक्त गाज. बाकीच्यांसाठी बंद सभागृहात दशावतार. दशावतार देवळापुढेच रंगतो म्हणून जुनी मंडळी नाक मुरडतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नाही.

दशावताराची मंडळं कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांत गुंतलेली, आणि जत्राही तिथीवरच. तेव्हा आधी मंडळांना विचारायचं, मग महोत्सवाचे शनिवार ठरवायचे. हाच हंगाम ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचाही. आमचा एकही दिवा समुद्राकडे तोंड करून लागत नाही, आणि वेंगुर्ल्याच्या वायंगणीसारख्या घरट्यांच्या किनाऱ्यावर आम्ही काम घेतच नाही, पैसे कितीही मिळोत.

असं काही करायचं मनात असेल तर पावसाळ्यात या, आम्ही गोदामातच असतो. फक्त तारखा छापून आणू नका.